विटा मोजल्या, माणसं मोजली नाहीत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, आमच्या घरी तीन पिढ्या हाच पेपर येतो, त्यामुळे तक्रार हक्काने करतोय. यंदाच्या 14 एप्रिलच्या दिनविशेषात तुम्ही दोन ओळी दिल्यात की 1944 साली मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि शहरावर सोन्याच्या विटांचा पाऊस पडला. झालं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी पेपरात जागा कमी असते हे मला समजतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या दोन ओळी दिल्या त्यात जहाजाचं नाव नाही, किती माणसं गेली ते नाही, आणि सोनं मात्र आहे. दर वर्षी हेच चाललंय, व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच फिरतं, सोन्याचं जहाज सोन्याचं जहाज. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, जमलं तर छापा, काटछाट केलीत तरी चालेल पण सोनं ठेवून बाकीचं कापू नका.

जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन. स्टायकिन नाही, स्टिकाइन पण नाही, स्टिकीन. हे नाव आलं अलास्कातल्या एका जुन्या किल्ल्यावरून, म्हणजे आपल्या रायगड-सिंहगडासारखा किल्ला नव्हे, हडसन्स बे कंपनीचं फरचा व्यापार करायचं लाकडी कुंपणाचं ठाणं होतं ते. आज त्या जागी रँगल नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या इंग्रजांची मालवाहू जहाजं इतकी बुडवत होत्या की नवीन बांधायला इंग्लंडमधल्या गोद्या पुऱ्या पडेनात, मग कॅनडाला सांगितलं तुम्ही बांधा. सगळ्यांचा नकाशा जवळपास एकच, इंग्लंडमधल्या सुंदरलँड गावच्या गोदीतला, आणि त्यावरून पेणला साच्यातून गणपती काढतात तशी एकामागून एक जहाजं काढली. 'फोर्ट' नावाची अशी 198 जहाजं झाली, त्यातलं हे एक, 1942 साली प्रिन्स रूपर्टला बांधलेलं. हे प्रिन्स रूपर्ट म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पार वर, अलास्काच्या हद्दीजवळचं पावसाळी बंदर. जहाज 7,142 टनी, साधारण 440 फूट लांब, वेग 11 नॉट म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर, आपली सायकल त्याच्या बरोबरीने जाईल. कॅनडाने बांधलं, अमेरिकेच्या उधारीच्या योजनेत इंग्रजांनी वापरलं आणि दोन वर्षांचं होतंय न होतंय तोवर मुंबईत फुटलं.

आता ते मुंबईत आलं कसं ते बघा, कारण सगळं त्यातच आहे.

24 फेब्रुवारी 1944 ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, जिब्राल्टर, पोर्ट सैद करत कराचीला आलं. पोटात 1,395 टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातली 238 टन अतिसंवेदनशील, ज्याला ते 'ए' वर्ग म्हणायचे. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, शिवाय खोक्यात बांधलेली स्पिटफायर लढाऊ विमानं आणि 31 पेट्या सोनं. तेव्हा जपानी इंफाळ-कोहिमापर्यंत येऊन ठेपले होते, त्यामुळे माल येणं गरजेचं होतं हे मान्यच. कराचीला थोडा माल उतरवला आणि जागा रिकामी झाली. रिकामं जहाज युद्धात चालवणं म्हणजे पाप, म्हणून त्या जागेत काय भरलं तर कापसाच्या हजारो गासड्या, वंगणाच्या तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, आणि वर वास मारणारं मासळीचं खत. का, तर सिंध-पंजाबातला कापूस मुंबईला रेल्वेने पाठवायला तेव्हा बंदी होती, रेल्वे लष्कराच्या कामात अडकलेली, मग कापूस समुद्राने न्या. कुठल्या जहाजातून न्या ते बघायला कुणाला वेळ नव्हता. कॅप्टन नेस्मिथने या मालाबद्दल रीतसर आक्षेप नोंदवला होता, म्हणजे जहाजावरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला कळत होतं आणि त्याने ते कागदावर पण आणलं होतं. तरी भरलं.

कापूस काय चीज आहे ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, दाबून बांधलेली गासडी पेटली तर वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारलं तर बाहेरची बाजू भिजते आणि आत निखारा तसाच. अशा गासड्या दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या खणात, तळाला, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर ती 'ए' वर्गाची स्फोटकं. म्हणजे खाली चूल आणि वर दारू. मी गंमत नाही करत, अक्षरशः असंच.

12 एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागलं. शांततेच्या काळात स्फोटकांचं जहाज गोदीच्या आत घ्यायचं नाही, बाहेर खोल पाण्यात उभं करून पडावात, म्हणजे मालाच्या होड्यांत, माल उतरवायचा असा शिरस्ता होता, युद्धात तो गुंडाळून ठेवला. स्फोटकं असली की लाल बावटा लावायचा हा पण नियम, तो बावटा पण लावला नव्हता. (आमचे आजोबा म्हणायचे गोदीत नंतर लाल बावटे खूप आले, पण जो पाहिजे होता तो त्या दिवशी नव्हता. ते युनियनवाले होते, त्यांना असले विनोद सुचायचे.) स्फोटकं धक्क्यावर उतरवता येत नाहीत, त्याला पडाव लागतात, ते वेळेवर आले नाहीत. तोवर तो घाण वास मारणारा माल आणि बाकीचं सटरफटर आधी काढणं चाललेलं. 48 तास होऊन गेले तरी मुख्य दारूगोळा पोटातच.

14 तारीख, शुक्रवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना फोर्ट स्टिकीनच्या हवेच्या नळातून धूर येताना दिसला होता. दिसला, आणि कुणी काही बोललं नाही, प्रत्येकाला वाटलं त्यांच्या जहाजावरच्यांना माहीत असेलच. जेवणाच्या सुट्टीनंतर टोळीवाले हमाल फाळक्यात उतरायला गेले तेव्हा पावणेदोनच्या आसपास आरडाओरडा झाला. बंबवाल्यांना मोठी वर्दी द्यायला माणूस पळाला तर ज्या फोनपाशी गेला त्याला डायलच नाही, मग त्याने आगीच्या घंटीची काच फोडली, म्हणजे फायर ब्रिगेडला एवढंच कळलं की गोदीत आग आहे. नेहमीची वर्दी समजून दोन बंब आले. आल्यावर जहाजात काय आहे ते ऐकून त्यांनीच आणखी मागवले.

पुढचे दोन तास हा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग वाटतो, स्फोटापेक्षा पण. धक्क्यावर कॅप्टन होता, गोदीचा मुख्य मॅनेजर होता, फायर ब्रिगेडचा प्रमुख होता, लष्कराचा दारूगोळ्यातला जाणकार अधिकारी होता आणि त्याने साफ सांगितलं होतं की हे गेलं तर अख्खी गोदी जाईल. कुणी म्हणे जहाज ओढून बाहेर समुद्रात न्या. कुणी म्हणे इथेच बुडवा, तर धक्क्यापाशी पाणी इतकं कमी की बुडवलं तरी चार-दोन फूट खाली जाऊन टेकणार. कुणी म्हणे विझेल, पाणी मारा. एकेकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असेलही, पण शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं. कॅप्टनचं जहाज, मॅनेजरची गोदी, ब्रिगेडची आग आणि लष्कराचा माल, म्हणजे चार मालक आणि एक पण निर्णय नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्ची गळते तेव्हा पाहिलंय मी हे.

मग राहिला एकच उद्योग, पाणी. 900 टनांवर पाणी ओतलं त्या फाळक्यात. आणि त्या पाण्याने काय केलं, तर जळत्या गासड्या तरंगून वर वर येऊ लागल्या, वरच्या स्फोटकांच्या दिशेने. जहाजाच्या एका बाजूचा रंग फुगून गळायला लागला, म्हणजे आग नेमकी कुठे ते आता बाहेरून दिसत होतं, तिथला पत्रा कापायला गॅस कटर मागवला तर तो चालेना. पत्रे इतके तापले की आतलं पाणी उकळत होतं. त्या पत्र्यावर उभं राहून आपले बंबवाले पाणी मारत होते, साहेब. एकाला पण माहीत नव्हतं असं नाही.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे, बारा किलोमीटरवर खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपाच्या यंत्रावर नोंद झाली आणि शिमल्याला पण जमीन हादरल्याचं यंत्रावर आलं. साधारण अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. शेजारच्या जलपद्म जहाजाचा फोटो कधी मिळाला तर जरूर छापा, ते जवळपास चार हजार टनांचं, आपल्या सिंदिया कंपनीचं, लाटेने उचलून धक्क्यावर आणून टाकलं होतं, पोराने खेळण्यातली होडी कठड्यावर ठेवावी तसं. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉक मिळून 27 जहाजं बुडाली किंवा मोडली. पेटता कापूस आणि तापलेलं लोखंड मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदरच्या वस्तीवर पडलं, धान्याची गोदामं जळली, आणि हे अशा काळात की आदल्या वर्षीच बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मेलेली आणि मुंबईत रेशनिंग सुरू होऊन वर्ष पण व्हायचं होतं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. नंतर 8,000 माणसं सात महिने राबत होती, पाच लाख टन ढिगारा उपसला.

आमचे आजोबा तेव्हा अलेक्झांड्रा डॉकात, म्हणजे आत्ताच्या इंदिरा डॉकात, टॅली क्लार्क होते, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद लिहिणारे कारकून. वय चोवीस. पहिल्या आवाजाला सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बाँब टाकले, दोन वर्षांपूर्वी विशाखापट्टणमला टाकलेच होते, त्यामुळे अर्धी मुंबई बोरीबंदर गाठून गावाला पळायला निघाली. आजोबा चालत खेतवाडीला आले, पायात एकच चप्पल, आणि बगलेत टॅलीची वही. ती वही कशाला आणलीत असं आजीने विचारलं तर म्हणाले हिशोब अर्धा राहिलाय. पुढे ती वही परत द्यायची राहून गेली, कारण ज्या शेडमध्ये द्यायची ती शेडच राहिली नव्हती, आणि आजीने मागच्या कोऱ्या पानांवर धोब्याचा हिशोब लिहायला सुरुवात केली. आमच्याकडे आहे अजून. पुढून बघितलं तर गोदीच्या पाळ्या आणि मागून बघितलं तर धोतर चार, पलंगपोस दोन.

आजोबांच्या बरोबरीचे, एकाच खोलीवर राहणारे दोघं जण व्हिक्टोरियात होते, एक आमच्याच गावचा, रत्नागिरीकडचा, दुसरा साताऱ्याकडचा. दोघं पण त्या दिवशीच्या टोळीत होते आणि परत आले नाहीत. गावच्याच्या घरी दोन महिन्यांनी कुणीतरी निरोप घेऊन गेलं, तोवर त्याची आई दर मनिऑर्डरीच्या तारखेला पोस्टमनची वाट बघत होती. कारण पेपरात काही येतच नव्हतं. सेन्सॉर होता. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने 15 एप्रिललाच सगळी बातमी तपशीलवार सांगून टाकली आणि आपल्या वार्ताहरांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. शत्रूला माहीत, गिरगावला माहीत, फक्त कोकणातल्या आईला माहीत नाही, असा तो सेन्सॉर.

आता आकडे. सरकारी आकडा 740 मृत, त्यातले 476 लष्करी लोक, जखमी 1,800. बाकीचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. फायर ब्रिगेडची 66 माणसं गेली, त्यांच्या नावाने देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, भायखळ्याला मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, मानवंदना होते, हे फार चांगलं आहे आणि व्हायलाच पाहिजे. पण सरकारी आकड्यातून लष्कर वजा केलं तर उरतात 264, त्यातून बंबवाले 66 वजा करा, उरतात 198. (योगायोग बघा, फोर्ट जहाजं पण 198च.) गोदीत हजारो माणसं पाळीला असायची, वर मांडवीची दाट वस्ती, गोदामात झोपणारे हमाल, बैलगाडीवाले, पडाववाले खलाशी, आणि गेले फक्त 198? मुकादम टोळीत रोज नवीन माणूस घ्यायचा, नाव कुठे लिहिलेलं असलं तर असलं. ज्याचं नाव हजेरीत नाही तो मेला तर आकड्यात कुठून येणार.

आणि सोनं बघा. 31 पेट्या, एका पेटीत 4 विटा, म्हणजे 124, एकेक वीट 12.7 किलोची, सगळी मिळून किंमत 8 लाख 90 हजार पौंड. एक वीट उडून एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली आणि त्यांना 999 रुपये बक्षीस मिळालं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पार 2011 साली गाळ काढताना विटा सापडल्या, त्या पण इंग्लंडच्या सरकारला परत गेल्या. सदुसष्ट वर्षांनी चिखलात सापडलेल्या विटेचा मालक कागदावर सापडला! त्याच वर्षी 45 किलोचा एक जिवंत तोफगोळा पण सापडला होता, त्याची आठवण व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना नसते.

तुम्ही म्हणाल एवढ्या जुन्या गोष्टीत आता कुठून नावं काढणार. म्हणून कॅनडाचंच उदाहरण देतो, ज्या देशाने हे जहाज बांधलं त्याचं. पहिल्या महायुद्धात 6 डिसेंबर 1917 ला हॅलिफॅक्स बंदरात माँ-ब्लाँ नावाचं दारूगोळ्याचं फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं आणि फुटलं, त्यावर पण लाल बावटा नव्हता, आणि लोक तिथे पण काठावर उभे राहून धूर बघत होते. म्हणजे जगाला सव्वीस वर्षं आधी धडा मिळालेला होता. त्या लोकांनी नंतर मेलेल्यांची नावं गोळा केली, चर्चचे दफ्तर, इस्पितळं, घरोघरची माहिती, सगळं तपासून, आणि आज त्यांच्याकडे 1,782 नावांची यादी आहे, कुणीही बघू शकतं. लहान पोरांची पण नावं आहेत त्यात. दर 6 डिसेंबरला तिथे घंटा वाजवतात. आणि इंग्लंडमध्ये टेम्सच्या मुखाशी रिचर्ड माँटगोमेरी नावाचं युद्धातलंच मालवाहू जहाज ऑगस्ट 1944 पासून गाळात रुतलेलं आहे, पोटात अंदाजे 1,400 टन दारूगोळा, म्हणजे आपल्या फोर्ट स्टिकीनएवढाच, त्याच्या डोलकाठ्या अजून पाण्यावर दिसतात. त्याच्या भोवती कुणाला फिरकू देत नाहीत आणि ठरावीक काळाने त्याची तपासणी करतात. त्यांचं जहाज न फुटता एवढी काळजी, आणि आपलं फुटलं तर त्याची दोन ओळींची गंमत.

व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉक आता तसे राहिले पण नाहीत, कंटेनर टर्मिनलच्या कामात बुजवले, जिथे ते जहाज उभं होतं तिथे आता पाणी पण नाही. गोदीच्या आत स्मारक आहे पण आत जायला पास लागतो, साध्या माणसाला ते दिसत नाही. आमच्या वडिलांना ते बघायचं होतं, दोन वेळा अर्ज केला, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं आणि तिसऱ्या वेळी ते म्हणाले जाऊ दे.

तर माझं मागणं साधं आहे. तुमचा पेपर रत्नागिरीत जातो, सिंधुदुर्गात जातो, सातारा, सांगली, जुन्नरला जातो, म्हणजे जिथून गोदीत माणसं आली त्या सगळ्या गावांना जातो. एक चौकट टाका, की 1944 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल तर नाव, गाव आणि काय काम करायचे एवढं पोस्टकार्डावर नाहीतर फोनवर कळवा. आता ते सांगणारी माणसं ऐंशी-नव्वदीची आहेत, काहींना फक्त आजीने सांगितलेलं आठवत असेल, चुका होतील, एक नाव दोनदा येईल, येऊ दे. पुढच्या 14 एप्रिलला दिनविशेषाऐवजी ती यादी छापा, दहा नावं आली तरी दहा छापा. पहिली दोन मी देतो, त्यांच्या घरच्यांना विचारून वेगळ्या कागदावर पाठवलीत, ती सध्या पत्रात छापू नका, यादीतच छापा.

आणि जहाजाचं नाव स्टिकीन, टंकलेखकाला सांगा.

आपला,
गोदीतल्या एका टॅली क्लार्कचा नातू
खेतवाडी, गिरगाव